निगेटिव्ह एकच, मग भाव दोन का?

दोस्तांनो, आधीच सांगतो, हा लेख कॅमेऱ्यावर आहे. कामगाराच्या पोराने फक्त भाकरीवर लिहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी पान उलटावं. पुढच्या पानावर कविता असेल.

पेण आणि रोह्याच्या आपल्या पोरांनी वर्गणी काढून एक कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. कुणी हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, कुणी धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली आहे, एक जण नागोठण्याला रिक्षा चालवतो, मी धक्क्यावर कंटेनर रिकामे करतो. अशा हातांतून पैसा कसा जमतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि पैसा पुरता जमायच्या आधीच दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मिररलेस घेऊ, सगळ्यात खालच्या पायरीवरचा. लेन्स बदलता येते, लग्नाच्या ऑर्डरी मारू. दुसरा तट म्हणतो, प्रीमियम कॉम्पॅक्ट घेऊ. लहान, हातात बसणारा, सेन्सर मोठा, आणि फोटो असा की साला बघत राहावं. दिवा-रोहा मेमूत हीच चर्चा, टपरीवर हीच चर्चा. यूट्यूबवर बघावं तर चकचकीत पोरं चकचकीत कॅफेत बसून दोन्ही कॅमेरे हातात फिरवतात आणि शेवटी म्हणतात, दोन्ही चांगले, गरजेप्रमाणे घ्या. आमची गरज काय ते त्यांना कोण सांगणार? म्हणून मी सांगतो. आणि मी दोन्ही चांगले म्हणून हात झटकणार नाही.

आधी शब्द बघा. 'एंट्री लेव्हल' म्हणजे काय? उंबऱ्यावरचा. आत यायची परवानगी नुकतीच मिळालेला. 'प्रीमियम' म्हणजे माजघरातला. ही उतरंड रचली कुणी? कंपनीने. उतरंडीत माणसं कशी बसवतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तशीच ही यंत्रं बसवलीत. तेव्हा नावावर जायचं नाही. झाकण उघडून आत बघायचं.

आत काय निघतं? कॅननचा आर५० घ्या, २०२३ सालचा. निकॉनचा झेड३० घ्या, २०२२ चा. हे दोघे उंबऱ्यावरचे. आता रिकोचा जीआर-थ्री घ्या, २०१९ चा. त्याचा धाकटा भाऊ जीआर-फोर २०२५ मध्ये आला. आणि फुजीचा एक्स१००-सिक्स घ्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला, ज्याच्यासाठी जगभर लोकांनी महिनोन्‌महिने नंबर लावून ठेवले. हे माजघरातले. या सगळ्यांच्या पोटात सेन्सर एकाच जातीचा आहे. एपीएस-सी. साधारण २३.५ मिलिमीटर रुंद, १५.६ उंच. कॅननचा किंचित लहान, २२.३ बाय १४.९. हे एपीएस नाव १९९६ साली निघालेल्या एका फिल्मचं. फिल्म मेली, नाव उरलं. सेन्सर म्हणजे आजची निगेटिव्ह. मग मोठा सेन्सर, मोठा सेन्सर म्हणून जी बोंब आहे ती कुणाच्या मानाने मोठा? मोबाइलच्या मानाने. जुन्या काळच्या नखाएवढ्या सेन्सरवाल्या डबड्यांच्या मानाने. उंबऱ्यावरच्या मिररलेसच्या मानाने तो मोठा नाहीच. निगेटिव्ह एकच आहे.

मेगापिक्सलचं म्हणाल तर फुजीत ४० आहेत, जीआर-थ्री आणि आर५० मध्ये २४, झेड३० मध्ये २१ ला थोडे कमी. ४० ऐकून डोळे फिरतात. पण हिशेब करा. लग्नाच्या अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तरी ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे १ कोटी ९४ लाख. २० मेगापिक्सलच्या आतच काम झालं. बाकीचे २० कुणाला दाखवायचे? हार्ड डिस्क विकणाऱ्याला.

आता भाव. बाजारात आला तेव्हा आर५० चा छोट्या झूम लेन्ससकट अमेरिकेतला छापील भाव ७९९ डॉलर होता. जीआर-थ्रीचा ८९९. एक्स१००-सिक्सचा १,५९९. म्हणजे फुजी बरोब्बर दुप्पट. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर आयात करणाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा आणि १८ टक्के जीएसटी चढतो. १ जानेवारी २०१९ च्या आधी तर कॅमेऱ्यावर २८ टक्के होता, सिगारेटच्या रांगेत बसवला होता.

तर निगेटिव्ह एक आणि भाव दुप्पट. हा जास्तीचा पैसा जातो कुठे? दुसऱ्या तटावर मी अन्याय करणार नाही. सगळा पैसा नावावर जात नाही. बराचसा काचेवर जातो.

खालच्या मिररलेसबरोबर जी झूम लेन्स पदरात पडते ती अंधारात आंधळी असते. आर५० ची झूम १८ ते ४५ मिलिमीटरची, तिचं तोंड उघडतं एफ ४.५ पर्यंत, आणि झूम पुरती ओढली की एफ ६.३. हा आकडा जेवढा मोठा तेवढं भोक लहान. फुजीची काच एफ २ उघडते. एफ २ मधून आत येणारा उजेड एफ ४.५ च्या पाचपट. एफ ६.३ च्या जवळजवळ दहापट. दहापट! रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात, गाव रात्रभर जागं असतं. त्या गर्दीत ही किटची झूम घेऊन उभे राहा. एकतर माणसं पुसट होतील, नाहीतर कॅमेरा आयएसओ वाढवत नेईल आणि फोटोभर वाळू पसरेल. १४ एप्रिलच्या रात्रीच्या मिरवणुकीत तेच. हळदीच्या मांडवात तेच. आपल्याकडे आनंद रात्रीच होतो, कारण दिवसा सगळे कामावर असतात. तेव्हा अंधारात बघणारी काच ही आपली पहिली गरज आहे. इथपर्यंत दुसऱ्या तटाचं शंभर टक्के बरोबर.

पण काच बदलता येते की! हीच तर मिररलेसची सगळी गंमत. कॅननची ५० मिलिमीटर, एफ १.८ ची छोटी लेन्स २०२० मध्ये १९९ डॉलरला आली. वजन १६० ग्रॅम. ७९९ आणि १९९ मिळून ९९८ होतात, फुजीपेक्षा ६०० डॉलरने खाली, आणि तोंड फुजीपेक्षा किंचित जास्तच उघडतं. सोनी घेतला तर सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ बसते, तीच आता निकॉनला आणि कॅननलाही मिळते. कॅननने आपल्या या माउंटचं दार बाहेरच्या लेन्सवाल्यांसाठी बरीच वर्षं बंद ठेवलं होतं, २०२४ मध्ये लहान सेन्सरपुरतं उघडलं. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मिररलेसमध्ये आरसा नाही, त्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यात अंतर कमी असतं. कॅननमध्ये २० मिलिमीटर, निकॉनमध्ये १६. म्हणून मधे एक धातूची रिंग टाकली की चोरबाजारातली चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची हाताने फिरवायची लेन्ससुद्धा बसते. फोकस हाताने करावा लागतो, बस. आपले हात काय फक्त गोणी उचलायला आहेत?

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा वकिली करतोय. ५० मिलिमीटरची लेन्स या सेन्सरवर ८० सारखी वागते. म्हणजे अरुंद. दहा बाय दहाच्या खोलीत नवरीच्या आईचा, मावशीचा आणि करवलीचा एकत्र फोटो घ्यायचा म्हटलं तर पाठ भिंतीला लागते आणि मावशी तरी बाहेरच. तिथे पुन्हा आंधळी झूम लावायची, नाहीतर फ्लॅश मारायचा. फुजीची काच ३५ सारखी दिसते, रिकोची २८ सारखी. घरात दोन्ही मावतात. शिवाय फुजी आणि रिकोत सेन्सर हलून हाताची थरथर सावरतो, आर५० मध्ये ते नाही. पण एवढं लक्षात ठेवा, यंत्र तुमच्या हाताची थरथर सावरतं, नाचणाऱ्याचे पाय थांबवत नाही. त्याला उजेडच लागतो.

आणि झूम नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक जुनी गोष्ट. बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक-थ्री आठवतो का घरातल्या कुणाला? एका रोलवर बारा फोटो. लेन्स एक, बदलायची सोय नाही. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी छातीशी धरून वरून बघायचे ते दोन डोळ्यांचे याशिका मॅट वापरले, त्यालाही लेन्स बदलायची सोय नव्हती. एका पिढीची लग्नं त्याच्यावर झाली. तेव्हा एका काचेचा कॅमेरा हा काही प्रीमियम शोध नाही. एकेकाळी तो गरिबीचा नाइलाज होता. आज त्यालाच शिस्त म्हणतात, साधना म्हणतात, आणि दुप्पट भाव लावतात.

फुजीच्या या कॅमेऱ्याचं तोंड बघा. चामड्यासारखं कातडं, वर पितळी थाटाच्या चकत्या, सत्तरच्या सालातला वाटावा असा. आत जुन्या फिल्मचे रंग भरून दिलेत, बटण दाबलं की फोटो जुना दिसतो. हा कॅमेरा आठवण विकतो. कुणाची आठवण? ज्यांच्या बापाकडे असा कॅमेरा होता त्यांची. आपल्या घरात भिंतीवर काय आहे ते आठवा. आजीचा एकच फोटो, तोही ओळखपत्रावरचा, ती गेल्यावर स्टुडिओत नेऊन मोठा केलेला. कान दोन्ही दिसले पाहिजेत म्हणून पदर मागे सारलेला. घाबरलेले डोळे. सरकारने मागितला म्हणून काढलेला फोटो हाच आमचा कौटुंबिक अल्बम. त्याला कुठला जुना रंग चढवणार? मला त्या चकत्यांचा राग नाही. वापरायला त्या सोप्याच आहेत. पण तो जुनेपणाचा साज आपल्याला विकू नका, एवढंच.

ओळखपत्रावरून आठवलं. पोलरॉइड नावाची अमेरिकन कंपनी होती. झटपट फोटो देणारी. तिचा आयडी-टू नावाचा कॅमेरा ओळखपत्रांसाठी बनवलेला, मिनिटभरात फोटो हातात. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना जे पासबुक खिशात बाळगावं लागायचं, त्यातल्या फोटोंसाठी पोलरॉइडचा माल वापरला जातो हे १९७० मध्ये त्या कंपनीच्याच दोन कामगारांना कळलं. कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स. दोघेही काळे. त्यांनी कंपनीच्या आत संघटना काढली, पत्रकं चिकटवली, बहिष्काराची हाक दिली, नोकरी गेली. १९७७ मध्ये कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून निघावं लागलं. हे मी अशासाठी सांगतो की कॅमेरा म्हणजे निव्वळ काच आणि बटण असं समजणारे आपल्यातही आहेत. कॅमेरा कुणाच्या हातात आणि कुणाच्या तोंडावर रोखलेला, यावर सगळं असतं.

त्यातून कातडीचा प्रश्न येतो. फिल्मच्या जमान्यात कोडॅकच्या लॅबवाल्यांकडे रंग जुळवायला एक कार्ड असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. कार्डाला नाव पडलं शर्ली. शर्लीचा रंग नीट आला की मशीन नीट. काळा माणूस नीट आला की नाही हे बघायची पद्धतच नव्हती. आज डिजिटलमध्ये शर्ली गेली, पण मीटर आहे. कॅमेऱ्याचं मीटर असं धरून चालतं की समोरचं सगळं जग मिळून मधल्या करड्या रंगाचं आहे, १८ टक्के करडं. पेणजवळच्या उरल्यासुरल्या मिठागरावर जा. पांढरंफेक मीठ, वर भर उन्हाचं आभाळ, मधे टोपली घेतलेला काळा माणूस. मीटर म्हणणार, बाप रे, फार उजेड, आणि सगळं खाली दाबणार. मीठ करडं होतं आणि माणसाच्या जागी कोळसा उरतो. नाक नाही, डोळे नाहीत. मग तोच फोटो 'छायाचित्रकलेचा नमुना' म्हणून कॅलेंडरवर जातो. उन्हात राबणाऱ्याला बिनचेहऱ्याचा करून टाकायचा आणि वर त्याला सौंदर्य म्हणायचं, ही भंकस पुष्कळ झाली.

यावर उपाय काय? एक्स्पोजर हाताने वर चढवायचं. प्लस एक, प्लस दीड, चेहरा दिसेपर्यंत. मीठ जळलं तर जळू दे. फुजीत यासाठी डोक्यावर वेगळी चकती आहे, बघितली की कळतं किती चढवलंय. आर५० मध्ये बटण दाबून मग चाक फिरवावं लागतं. फुजीचं सोपं, मान्य. पण दोन्हीत जमतं, आणि दोन्हीत 'रॉ' फाइल ठेवता येते, ज्यातून सावलीतला चेहरा नंतरही वर काढता येतो. त्यासाठी दर महिन्याला परदेशी कंपनीला भाडं द्यायची गरज नाही. कॅननचं आणि निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डार्कटेबल नावाचं तर कुणाच्याच मालकीचं नाही. ते शिकावं लागतं. शिकू.

आणि ऑर्डर घेताना एक गोष्ट आधी ठरवून टाका. नवरीला गोरी करून द्या, असं घरचेच सांगतात. स्टुडिओवाले देतात करून. मोबाइल तर न विचारताच करतो, गाल घासूनपुसून पिठासारखे. आपण करायचं नाही. उजेड नीट पाडू, रंग आहे तसा देऊ. यावर एखादी ऑर्डर गेली तर गेली.

आता त्या खिशातल्या रिकोबद्दल. खरं सांगतो, माझा जीव त्याच्यावर आहे. बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. कामाच्या पँटच्या खिशात जातो. जपानचा दाइदो मोरियामा या रिकोच्या जीआरवरच टोकियोचे रस्ते भटकला, खरखरीत, काळेपांढरे, वाकडेतिकडे फोटो काढत. त्यात एक सोय आहे, स्नॅप फोकस. दीड मीटर, दोन मीटर, अडीच मीटर, जे अंतर आधी ठरवून ठेवाल त्यावर तो एका झटक्यात फोटो मारतो, शोधाशोध करत बसत नाही. लेन्सच्या आतलंच शटर, आवाज जवळजवळ नाही. आणि २८ सारखी रुंद काच असल्याने माणूस फोटोत मोठा हवा तर त्याच्याजवळच जावं लागतं. हाताच्या अंतरावर. लांबून झूम ओढून झोपडपट्टीचे फोटो काढणारे येतात आणि जातात. इथे तसं करताच येत नाही. ज्याचा फोटो काढतोय त्याच्या तोंडाचा वास येईल एवढं जवळ जायचं, तो 'काय रे' म्हणाला तर उत्तर द्यायचं.

मोठा कॅमेरा गळ्यात घालून कारखान्यात शिरलात की माणसं बदलतात. पेण, हमरापूर, जोहे, इथल्या गणपतीच्या कारखान्यांचे फोटो दरवर्षी श्रावणात पेपरात येतात. रांगेने मूर्ती, आणि डोळ्यांची आखणी करणारा एक म्हातारा कारागीर, ब्रश उचललेला. ठरलेला फोटो. आलेला फोटोवाला सांगतो, काका, जरा ब्रश वर धरा. काका धरतात. मागे बायका साचे घासतायत, पोतं उचलतायत, प्लॅस्टरची धूळ पापणीवर साचलीय, त्या फ्रेमच्या बाहेर. आपला जो पोरगा तिथेच रंगकाम करतो त्याच्या खिशात रिको असता तर त्या बायकांना तो दिसलाही नसता, आणि त्या दिसल्या असत्या. धक्क्यावर तर प्रश्नच नाही. गेटवरच कॅमेरा अडवतात. पण गेटच्या बाहेर, पाळी सुटल्यावर ट्रकच्या सावलीत जी माणसं आडवी पडलेली असतात, ती मोठी लेन्स बघून उठून बसतात.

एवढं सगळं असून मी म्हणतो, पेण-रोह्याच्या वर्गणीतून रिको घ्यायचा नाही. फुजी तर नाहीच.

एक कारण धूळ. रिकोची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि येता-जाता धूळ आत ओढते. सेन्सरवर डाग पडतो. जीआर वापरणाऱ्यांची ही जगभरची जुनी तक्रार आहे. लेन्स निघत नाही, त्यामुळे डाग आपल्याला पुसता येत नाही, सगळा कॅमेरा उघडायला सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. आपल्याकडे काय कमी धूळ आहे? गणपतीच्या कारखान्यात प्लॅस्टर, वीटभट्टीवर राख, हायवेला खोदकाम. मिररलेसमध्येही धूळ जाते, उलट लेन्स बदलताना जास्तच जाते, पण लेन्स काढून रबरी फुंकणीने उडवता येते. दोन मिनिटांचं काम.

दुसरं कारण पाऊस. कोकणात चार महिने हवा ओली असते आणि ओल्या हवेत काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. स्टुडिओवाल्या कुणालाही विचारा. मिररलेसच्या लेन्सला बुरशी लागली तर लेन्स गेली, कॅमेरा राहिला. कॉम्पॅक्टच्या काचेला लागली तर सगळंच बसलं. फुजी पावसात चालतो म्हणतात. चालतो, पण पुढे वेगळी रिंग आणि वर फिल्टर चढवल्यावरच, आणि त्याचे पैसे वेगळे. आर५० तर पावसात चालतच नाही, त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी आपल्याकडे आहे.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. प्रीमियम कॉम्पॅक्ट हा एकट्याचा कॅमेरा आहे. एका माणसाच्या डोळ्याला, एका माणसाच्या सवयीला बसलेला. आपला कॅमेरा पंधरा-वीस हातांतून जाणार. एकाला लग्न मारायचंय, एकाला गणपतीच्या मूर्तींचे फोटो परगावच्या गिऱ्हाइकाला पाठवायचेत, एकाला कबड्डीचे सामने, एकाला सभेचा व्हिडिओ. २८ च्या काचेने कबड्डी मैदानाबाहेरून कशी काढणार? रिकोची बॅटरी एका चार्जवर २०० फोटोंची, मांडवात वरात पोचायच्या आत ती संपेल. आणि वर्गणी परत यायची असेल तर कॅमेऱ्याने कमवायला हवं. जो पैसा लोकांनी ओव्हरटाइम करून दिला तो माझ्या कवितेला आवडणाऱ्या यंत्रात घालायचा मला अधिकार नाही. ज्याला रिको हवा त्याने स्वतःच्या पगारातून घ्यावा. मी घेणार आहे, कधी ते मला माहीत नाही.

काही जण म्हणतील, खालच्या पायरीचा कॅमेरा बघून गिऱ्हाईक हसतं, मोठा कॅमेरा नसला तर ऑर्डर देत नाही. हसतं, खरंय. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरलेल्यांचे, कचऱ्याच्या गाडीवरच्यांचे, त्यांच्या घरातले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूचा पलनी कुमार, आई मासे विकणारी, तो हाताने मैला काढणाऱ्यांचे फोटो काढत राज्यभर फिरला. त्यांचे फोटो बघताना कॅमेरा कुठल्या पायरीचा होता हे कुणाच्या डोक्यात येतं का? लग्नाच्या गिऱ्हाइकाला मात्र हे सांगून उपयोग नाही, त्याला दोन आधीचे अल्बम दाखवायचे.

तर माझं मत असं. खालच्या पायरीचा मिररलेस, जमला तर सेकंडहँड, त्यावर एक एफ १.८ ची लेन्स नवी. किटची झूम फेकायची नाही, ती दिवसा चालते. एक बाहेरचा फ्लॅश, छताकडे किंवा भिंतीकडे वळवून मारायचा, थेट तोंडावर नाही. झेड३० घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याला डोळा लावून बघायची खिडकीच नाही. दुपारी एकच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच थोबाड दिसतं. म्हणून मी आर५० कडे झुकतो. आणि या सगळ्या स्वस्त मंडळींत कार्डाची खाच एकच असते. कार्ड गेलं तर कुणाचं तरी लग्न गेलं. म्हणून हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं, आणि रात्री घरी पोचल्या पोचल्या, अंग धुवायच्या आधी, कॉपी.

ठेवायला कॅमेऱ्याची पिशवी नको, पिशवीत ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, धान्याचा चालतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. धक्क्यावर कंटेनर उघडला की चपलांच्या आणि पर्सच्या खोक्यांतून त्या पुड्या हजारोंनी खाली पडलेल्या असतात. मी आणतो. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर शेकायचे, पुन्हा निळे होतात. तो तवा मात्र परत भाकरीला वापरायचा नाही, निळ्या रंगाचं ते रसायन पोटात जायला नको.

सेकंडहँड बघायला फोर्टात जाणार असाल तर दोघं मिळून जा आणि दिवसा जा. लेन्स काढून मोबाइलची बॅटरी तिच्यातून आरपार मारून बघा, जाळी दिसली की ठेवून द्या. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढा, डाग असेल तर तिथे दिसेल. चार्जरचा तार तपासा. बिल मागा, आणि बिलावर संघटनेचं नाही, ज्याने पैसे मोजले त्या सगळ्यांतल्या दोघांचं नाव घाला.